टुफा दगडात ओतलेलं नावाहो कडं: पाठीला कानस लावू देऊ नका

अॅरिझोनातल्या फीनिक्सला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावात त्यांनी नावाहो (अमेरिकेच्या नैऋत्य भागातली मूळ रहिवासी जमात) कारागिराने केलेलं ओतीव चांदीचं कडं घेतलं, मधे फिरोजा बसवलेलं. सुट्टीत पुण्याला आल्यावर त्यांनी ते ओळखीच्या सराफाला दाखवलं. सराफ म्हणाला, पाठ खरखरीत आहे म्हणजे ओतकाम कच्चं आहे, घासून गुळगुळीत करून देतो. दगडात तपकिरी रेघा आहेत, तो काढून स्वच्छ दगड बसवतो. आणि ७० ग्रॅम चांदीसाठी तुम्ही फार पैसे मोजलेत. शिवाय दगड थोडा हलतोय. आता काय करावं, असं ताई विचारतात.

कडं अजून त्या दुकानात असेल तर आधी परत घ्या. पाठीला कानस लागू देऊ नका आणि दगड बदलू देऊ नका. तो सराफ फसवतोय असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या कामाच्या हिशेबाने त्याचं बोलणं बरोबर आहे. मी हुपरीत पैंजणं घडवणाऱ्या घरात वाढलो, आमच्याकडेही दागिन्याची पाठ खरखरीत राहिली तर गिऱ्हाईक माल परत करायचं. पण न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला येऊन ही जुनी कडी दुरुस्त करायला लागलो तेव्हापासून दागिना हातात आला की मी आधी पाठ बघतो. या कामाचा मोठा पुरावा तिथे असतो.

तो खरखरीतपणा ज्या टुफा दगडाच्या साच्यात कडं ओतलं, त्या दगडाचा आहे. टुफा म्हणजे ज्वालामुखीची राख दाबली जाऊन झालेला दगड. सह्याद्रीचा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो लाव्हा थिजून झालेला, कठीण. टुफा वजनाला हलका, सच्छिद्र, आणि साध्या सुरीने कोरता येईल इतका मऊ असतो. तापलेली चांदी त्याच्यावर पडली तरी तो लगेच तडकत नाही. अॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत तो मिळतो आणि कारागीर आपापल्या माहितीच्या जागेवरून ठोकळे आणतात. कुठला ठोकळा बारीक दाण्याचा आहे, कुठल्यात मधेच खडा लागेल, हे हाताला कळायला वर्षं जातात.

ठोकळ्याचे करवतीने दोन तुकडे करतात. मग त्यांचे सपाट भाग एकमेकांवर घासत राहायचं, दोन्ही जोडून उजेडासमोर धरल्यावर मधून किरणही दिसू नये इतकं. एका तुकड्यात नक्षी कोरायची, दुसरा तसाच सपाट ठेवायचा. तो झाकण. ताई, तुमच्या कड्याची पाठ म्हणजे त्या झाकणाचा ठसा आहे. पुढची बाजू कानस आणि पॉलिशखाली जाते, पाठ बहुतेक वेळा जशी साच्यातून निघाली तशी ठेवतात. हल्ली अनेक कारागीर पुढच्या बाजूलाही काही भाग मुद्दाम न घासता ठेवतात, त्या दाणेदार पोतासाठीच. पाठ गुळगुळीत केली की कडं दगडात ओतलं होतं हे सांगणारी खूण संपली.

आता कोरण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घडणावळीचा खरा भाग इथे आहे. साच्यात सगळं उलटं. जे खोल कोराल ते चांदीत उंच येतं, डावं ते उजवं होतं. इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर कोरली तर चांदीत कण्यासारखी धार उमटते. जुन्या नावाहो ओतीव कामात पट्टीच्या मधून जी धार धावते ती अशी आलेली असते. कोरताना चुकून टवका उडाला तर तो चांदीत फुगवटा होऊन दिसणार. कोरलेल्या जागी दगड परत भरता येत नाही, त्यामुळे एक चूक म्हणजे पुन्हा नवा ठोकळा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नक्षीची रचना चांदीच्या वाहण्यावर ठरते. वरच्या टोकाला नरसाळ्यासारखं तोंड कोरलेलं असतं, चांदी तिथून आत शिरते आणि काही क्षणांत थिजते. तेवढ्यात तिला शेवटच्या टोकापर्यंत पोचायचं असतं. म्हणून प्रत्येक रेघ दुसऱ्या रेघेला जोडलेली हवी. एकटा सुटा ठिपका या कामात शक्य नाही. रेघ एकदम बारीक झाली तर चांदी अलीकडेच गोठते. ओतीव कड्यांत मधल्या दगडापासून फाकणारे, वळून पुन्हा एकत्र येणारे बाक दिसतात, त्यांचं सौंदर्य मला कायम मोहवतं, आणि त्यांची सुरुवात या गरजेतून आहे. केटो नावाचा मनगटपट्टा कुठे बघायला मिळाला तर जरूर थांबून पाहा. धनुष्याची दोरी मनगटावर आपटू नये म्हणून चामड्याची पट्टी बांधायचे, तिच्यावर हे ओतीव चांदीचं जाळीदार फूल असतं. बहुतेकांत मधोमध एक दगड आणि चार कोपऱ्यांकडे गेलेले चार बाक. धनुष्यं गेली, तरी केटो समारंभात घालायचा दागिना म्हणून राहिला.

नक्षी झाली की तिच्या कडांपासून बाहेर जाणाऱ्या सुईसारख्या बारीक रेघा ओढतात. त्या हवेच्या वाटा. चांदी आत येताना हवेला बाहेर पडायला जागा नसेल तर साच्याचा कोपरा रिकामा राहतो. मग मेणबत्तीच्या किंवा गॅसच्या पिवळ्या ज्योतीवर साच्याच्या आतल्या बाजूला काजळी धरतात. त्या काळ्या थरावरून चांदी सहज सरकते आणि दगडही जपला जातो. दोन्ही तुकडे तारेने किंवा रबरी पट्ट्यांनी घट्ट आवळतात, साचा थोडा गरम करतात. मुशीत चांदी वितळते, त्यात चिमूटभर टाकणखार. स्टर्लिंग (९२.५ टक्के) चांदी ८९० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण पातळ होते, ओतायला त्याहून शंभरेक अंश जास्त लागतात. पृष्ठभाग आरशासारखा फिरू लागला की एका दमात ओतायची. हात मधेच थांबला तर तिथे शिवण पडते. तोंडाशी जादा चांदी मुद्दाम ठेवतात, कारण थिजताना चांदी आकसते आणि तेव्हा ती या साठ्यातून आणखी ओढून घेते. साठा कमी पडला तर दागिन्यात खड्डे येतात.

टुफाचा साचा एका ओतीत जळून फुटू शकतो, फार तर काही ओती निघतात. काही कारागीर वालुकाश्मात कोरतात. तो जास्त टिकतो आणि एकाच साच्यातून पुष्कळ नग निघतात. दुकानांत दोन्हींना सरसकट सँडकास्ट म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे विकत घेताना साचा कुठल्या दगडाचा होता हे वेगळं विचारावं.

साच्यातून निघतं ते सपाट असतं. तोंडाचा साठा करवतीने कापायचा, कडा कानशीने नीट करायच्या, फिकट लाल होईपर्यंत तापवून नरम करायचं आणि मगच गोल दांड्यावर वाकवायचं. नंतर पातळ पट्टीचं कोंदण करून झाळायचं, खोलगट भाग गंधकाच्या द्रावणाने काळे करायचे, उंच भाग घासून चमकवायचे, आणि सगळ्यात शेवटी दगड. एवढं सगळं झाल्यावर तुमचं कडं ७० ग्रॅमचं झालं. आपण दागिना तोळ्यावर घेतो आणि घडणावळ वर लावतो, ती सवय पैंजण किंवा ताटवाटीला योग्य आहे, कारण तिथे ठशावरचं किंवा यंत्रावरचं काम असतं. इथे साचाच मुळात हाताने कोरलेला आणि अनेकदा एकाच नगापुरता. चांदीचा भाव हा या किमतीतला छोटा भाग. चित्राची किंमत कॅनव्हासच्या वजनावर कोणी लावत नाही, तीच दृष्टी इथे ठेवा. तुम्ही दिलेली नेमकी रक्कम योग्य होती का, हे कडं हातात घेतल्याशिवाय मी सांगणार नाही, पण वजनावरून तरी ती जास्त ठरवू नका.

ही कला त्या लोकांकडे कुठल्या परिस्थितीत आली हेही माहीत असावं. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने नावाहोंना त्यांच्या मुलखातून काढून शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोच्या पूर्वेकडे बॉस्के रेडोंडोला नेलं. वाटेत आणि त्या छावणीत असंख्य माणसं मेली. १८६८ च्या करारानंतर उरलेले घरी परतले. अत्सिदी सानी हा पहिला नावाहो लोहार समजला जातो. त्याने धातूकाम एका मेक्सिकन कारागिराकडून शिकलं, पुढे आपल्या मुलांना शिकवलं, आणि चांदीकाम खऱ्या अर्थाने पसरलं ते या परतीनंतर. चांदी म्हणजे नाणी. आधी अमेरिकन डॉलर वितळवायचे, तो मार्ग बंद झाल्यावर मेक्सिकन पेसो. दोन्हींत साधारण ९० टक्के चांदी. चांदीचा तयार पत्रा सहज मिळत नव्हता, आणि लगडीपासून पत्रा ठोकणं म्हणजे प्रचंड मेहनत. दगडात थेट आकार ओतण्याचं महत्त्व यावरून कळेल.

फोर्ट विंगेटला असलेले लष्करी डॉक्टर वॉशिंग्टन मॅथ्यूज यांनी १८८० च्या सुमारास या कारागिरांना समोर बसवून काम पाहिलं आणि ते लिहून ठेवलं. बकरीच्या कातड्याचा भाता, जमिनीवर मांडलेली भट्टी, मऊ वालुकाश्मात कोरलेले लगडीचे साचे, आणि चांदी चिकटू नये म्हणून साच्याला लावलेली चरबी. साचा इतका सहज कोरता यायचा की मुक्काम हलवताना कारागीर तो मागेच टाकून जायचे, हे त्यांचं निरीक्षण मला फार आवडतं. चांदीत फिरोजा बसवायला सुरुवात झाली तीही याच सुमारास, आणि तो मान अत्सिदी चॉन या नावाहो कारागिराला दिला जातो. झुनी या शेजारच्या जमातीतल्या लान्यादे नावाच्या माणसाला चांदीकाम शिकवलं तेही त्यानेच. पुढे रेल्वे आली, १८९९ पासून रेल्वेमार्गावर हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीने प्रवाशांसाठी हलके, स्वस्त दागिने मागवायला सुरुवात केली, आणि बाजारासाठी करायचं काम आणि आपल्या माणसांसाठी करायचं काम असे दोन प्रवाह झाले. जड ओतीव कडी आणि केटो बराच काळ दुसऱ्या प्रवाहात राहिली. घरची चांदी अडीनडीला ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे तिथल्या व्यापाऱ्याच्या दुकानात, गहाण पडायची आणि समारंभाच्या आधी सोडवून आणली जायची. हे आपल्या घरांनाही नवीन नाही.

आता दगड. फिरोजा म्हणजे तांबं आणि अॅल्युमिनियमचा फॉस्फेट, पाणी धरून ठेवणारा. कठीणपणा मोह्स मापावर ५ ते ६, म्हणजे काचेच्या आसपास. तुमच्या सराफाच्या डोळ्यासमोर इराणातल्या निशापूरचा दगड आहे. एकसारखा आकाशी, डाग नाही, रेघ नाही. आपल्याकडे फिरोजा त्याच मापाने जोखला जातो. अमेरिकेच्या नैऋत्य भागात मात्र दगड ज्या खडकात तयार झाला त्याच्या रेघा दगडाचं रूप मानल्या जातात. त्या काळ्या, तपकिरी, कधी सोनेरी असतात. रेघा बारीक कोळिष्टकासारख्या पसरल्या असतील तर किंमत वाढते. अॅरिझोनातल्या बिस्बीच्या तांब्याच्या खाणीतून निघालेला गडद निळा, तपकिरी जाळीचा दगड आज मिळणं कठीण आहे. तिथल्याच ग्लोब गावाजवळच्या स्लीपिंग ब्यूटी खाणीचा फिकट निळा, जवळजवळ बिनरेघांचा दगड पूर्वी सर्रास मिळायचा. २०१२ मध्ये तिथे फिरोजा काढणं थांबलं आणि भाव चढले. तेव्हापासून बाजारातला प्रत्येक स्वच्छ निळा दगड विक्रेते त्याच नावाने खपवू पाहतात. नुसत्या डोळ्यांनी खाण ओळखतो असं कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नेवाडातले दगड, चीनमधले दगड, दोन्ही नावाहो कारागीर वापरतात, आणि काही इतके सारखे असतात की खात्रीने सांगता येत नाही.

महत्त्वाचा प्रश्न दगड नैसर्गिक आहे, राळ मुरवून घट्ट केलेला आहे, की भुकटी आणि राळ मिसळून बनवलेला आहे, हा. मऊ, खडूसारख्या फिरोजात राळ मुरवली की तो टिकाऊ होतो आणि रंग बदलत नाही. बाजारात सर्वांत जास्त असाच दगड असतो. तसं सांगून विकला असेल तर त्यात काही वावगं नाही, किंमत मात्र नैसर्गिकपेक्षा बरीच कमी हवी. हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट ही पांढरी खनिजं रंगवून फिरोजा म्हणून देणं ही सरळ फसवणूक. पुष्कळ जण तापलेली सुई लावून बघायला सांगतात. तसं करू नका, खरा दगडही त्याने खराब होतो. शंका असेल तर रत्न प्रयोगशाळेत दाखवा.

खरेपणाबद्दल ताईंनी थेट विचारलेलं नाही, पण कडं खरंच नावाहो आहे का ही शंका सराफाच्या बोलण्याने मनात आली असणार. मागे 'स्टर्लिंग' लिहिलेलं असेल तर त्याने फक्त धातू कळतो, ९२.५ टक्के चांदी. कारागिराची खूण नव्या कामात बहुतेक वेळा असते, जुन्या कामात नसणं सामान्य आहे. १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स अॅक्टप्रमाणे मूळ अमेरिकन कारागिराने न केलेली वस्तू त्याची म्हणून विकणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कायदा असूनही नकली माल भरपूर आहे. २०१५ मध्ये न्यू मेक्सिकोत केंद्रीय यंत्रणेने छापे घातले, फिलिपिन्समध्ये बनवलेले दागिने इथल्या कारागिरांचे म्हणून विकले जात होते. २०१८ मध्ये अल्बुकर्कीच्या एका दुकानदाराला त्यात तुरुंगवास झाला. अशा मालाने नावाहो कुटुंबांचं किती नुकसान होतं ते मी जवळून पाहतो. ज्या बाईने आठवडाभर खपून एक साचा कोरला तिच्या शेजारच्या टेबलावर तसंच दिसणारं कडं तिच्या चांदीच्या खर्चात विकलं जातं. मी स्वतः टुफात ओततो, पण त्यांच्या आकृत्या कोरत नाही. हे माझं ठरलेलं आहे.

रबराच्या साच्यातून मेणाच्या प्रती काढून ओतलेला माल ओळखायचा तर दुकानात त्याच नक्षीची दुसरी कडी आहेत का बघा, आणि दोन्हींवर तोच ओरखडा त्याच जागी आहे का तेही. खूण छापलेली नसून ओतलेली असेल, म्हणजे अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या असतील, तर प्रत असण्याची शक्यता मोठी. टुफाचं पोतही रबरात हुबेहूब उतरतं, त्यामुळे केवळ खरखरीत पाठीवर विसंबू नका. सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे पावती. तिच्यावर कारागिराचं नाव, त्याची जमात म्हणून नावाहो नेशन, धातू आणि दगडाचा प्रकार लिहून मागा. प्रामाणिक दुकानदार लगेच लिहून देतो. तुम्ही घेतली नसेल तर आता फोन करून मागितली तरी चालेल.

हलणाऱ्या दगडाकडे येऊ. त्याला आधी कारण शोधावं लागतं, आणि ते बहुधा कडं घालण्याच्या पद्धतीत असतं. आपण बांगडीसारखं हात आवळून चढवायला बघतो, किंवा कड्याची दोन टोकं दाबून सैल-घट्ट करतो. ओतीव चांदी ठोकलेल्या चांदीइतकी लवचिक नसते. पुन्हा पुन्हा वाकवली तर आधी कोंदण वेडंवाकडं होतं, दगड सुटतो, आणि एक दिवस कडं मधूनच चिरतं. मनगटाच्या अरुंद बाजूने, हाडाच्या वरच्या मऊ जागेत एक टोक आत घालून मग कडं फिरवून घ्यायचं. चांदी वाकायला नको. मापाचं नसेल तर माप कारागिरानेच बदलावं, तापवण्याआधी दगड काढून.

जुन्या कामात कोंदणात दगडाखाली लाकडाचा भुसा भरलेला असतो, दगडाला उशी म्हणून. त्यामुळे असं कडं पाण्यात बुडवू नका. भुसा फुगतो आणि दगडाला वर ढकलतो. कडं नवीन असलं तरी हाच नियम पाळा. सराफाच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात तर अजिबात घालू देऊ नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, चांदी बुडवून उजळायचं द्रावण, सगळं वर्ज्य. आम्ल फिरोजाला खातं, भुकटी त्याचा तकाकीचा थर काढते, आणि द्रावण खोलगट भागातला काळा रंग घालवून नक्षी सपाट करून टाकतं. तो काळेपणा मळ नाही, कारागिराने घातलेला आहे. नैसर्गिक दगड तेल, अत्तर, घाम शोषून हिरवट होतो, म्हणून केसांना तेल लावताना आणि स्वयंपाक करताना कडं काढून ठेवा. पुसायला कोरडं, मऊ सुती कापड पुरे. त्यानेही उंच भागच पुसा.

दुरुस्तीसाठी ज्या दुकानातून घेतलं तिथे आधी विचारा. बहुतेक जण मूळ कारागिराकडे पाठवतात, आणि तोच पहिला पर्याय. पाठवण्याआधी दगड बाहेर पडला असेल तर तो वेगळ्या पुडीत ठेवा, घरी गोंदाने चिकटवू नका, कारण गोंद खरवडताना कोंदणाची पातळ कड फाटते. पडला नसेल तर वरून कागदी चिकटपट्टी हलकेच लावून, पुढून मागून फोटो काढून मग डबीत ठेवा. कारागीर मिळत नसेल तर गॅलप किंवा सँटा फेमध्ये जुन्या नावाहो कामाची दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या, आणि कामाच्या कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या: पाठीला हात लावायचा नाही, आणि तोच दगड परत बसवायचा.